हयात माणसाचं ‘कै.’

माझ्या पीएचडीचा विषय होता कांद्याच्या चाळी. सटाणा, नांदगाव, विंचूर असं फिरून कोण कांदा कसा साठवतं ते मी टिपून घेतलं. त्या भटकंतीत मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटली ती प्रबंधाच्या शेवटच्या पानांची, संदर्भसूचीची.

नव्वदच्या दशकात सुरुवात केली तेव्हा माझे सगळे संदर्भ चपलांच्या खोक्यात होते, एका पुस्तकाला किंवा लेखाला एक कार्ड. माझ्या मार्गदर्शक मॅडम कडक होत्या. लेखक हयात नसेल तर नावाआधी ‘कै.’ हवंच, हा त्यांचा दंडक. “गेलेल्या माणसाचं नाव असं उघडंबोडकं लिहू नये गं,” म्हणायच्या. दुसऱ्या कुणाच्या सूचीत मी हे पाहिलं नव्हतं, पण मॅडमशी वाद घालायची माझी टाप नव्हती.

काही वर्षांनी मी शिकवायचे त्या कॉलेजात संगणक आले आणि एका सहकाऱ्यानं मला संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. माहिती एकदा भरायची, सूची आपोआप तयार. मला स्वर्ग दोन बोटं उरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खोकं रिकामं केलं. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, काही लेखक दोनदा आलेले दिसतात, एक करू का? मी जात्याच उतावळी. एकेक न बघता सगळ्यांना ‘हो’ म्हटलं आणि चहा टाकायला उठले.

प्रबंध बांधून गेला. माझी नेमणूक दर जूनला नव्यानं व्हायची. त्या वर्षी पीएचडी हाती आली तरच नोकरी कायम, नाहीतर दुसरं कुणी येईल, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

परीक्षक कोण हे विद्यार्थ्याला कळू द्यायचं नसतं. पण पंधरा दिवसांनी मॅडमच्या बोलण्यात परीक्षकांचं नाव निसटलं. मला आनंद झाला. त्यांचे सहा लेख माझ्या सूचीत होते. घरी येऊन कौतुकानं ते पान उघडलं. सहाही लेखांवर त्यांच्या नावाआधी ‘कै.’ होतं. एक लेख तर आदल्याच वर्षीचा.

या परीक्षक सरांच्या घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत होती, पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे आजोबांचं आणि सरांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सारखं. आजोबांनी फार पूर्वी चाळींवर एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या नावाआधी मी ‘कै.’ टाइप केलं होतं. यंत्राला दोघं एकच वाटले आणि मी ‘हो’ म्हटलं. खोक्यात ही चूक झालीच नसती. तिथे आजोबांचं कार्ड वेगळंच राहिलं असतं.

“सरांना पत्र लिहू का?” मी मॅडमना विचारलं.

“वेडी आहेस का? तुला नाव कसं कळलं म्हणतील. गप्प बस. आणि अशानं माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात.”

त्या हसल्या. मला हसू येईना. चार महिने फोन वाजला की मी उचलायलाच टाळाटाळ करायचे. प्रबंध परत आला असेल, नोकरी गेली असेल, हेच डोक्यात. मधूनच वाटायचं, सर आजारी पडले तर? मग स्वतःचीच चीड यायची.

अखेर मौखिक परीक्षेचं पत्र आलं. सरांनी तासभर चाळीतल्या वाऱ्याविषयी विचारलं. मी उत्तरं देत होते, पण नजर त्यांच्या हातातल्या प्रतीवर होती. शेवटी त्यांनी सूची उघडली.

“बाई, यात मी कैलासवासी आहे.”

“चूक माझी आहे, सर,” मी म्हटलं. “यंत्रानं विचारलं होतं. मी न बघता हो म्हटलं.”

ते पानावर बोट फिरवत म्हणाले, “आजोबांचं पुस्तक आजवर सगळ्यांनी माझ्याच नावावर लावलं. माझ्या वडिलांना त्याचा फार सल होता. माझं लेखन आजोबांच्या नावावर लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मग पेन काढून त्यांनी सहा वेळा ‘कै.’ खोडलं, समासात ‘हयात’ असं लिहिलं आणि आजोबांच्या ओळीला हात न लावता प्रत माझ्यापुढे सरकवली.

पदवी मिळाली. नोकरी कायम झाली. ती प्रत माझ्या कपाटात आहे.

गेल्या पावसाळ्यात सर गेल्याचं कळलं. भरपूर जगले. तेव्हा मी एका लेखाची सूची करत होते आणि तिच्यात सर होते. मॅडमच्या शिस्तीप्रमाणे नावाआधी ‘कै.’ टाकायला हवं होतं. यंत्रानं काहीच विचारलं नाही. मी सरांचं नाव उघडंबोडकंच ठेवलं.