चार साक्षी आणि एक उघडं दार

बाबा कोर्टात स्टेनो होते. चौतीस वर्षं साक्षीदार बोलले आणि बाबांनी उतरवून घेतलं. कुणी अडखळलं की मान वर न करता म्हणायचे, "शब्दशः सांगा." म्हणून सगळं कोर्ट त्यांना 'शब्दशः' म्हणायचं, वकील तोंडावर आणि शिपाई पाठीमागे. घरीही तीच तऱ्हा. मी शाळेतून भांडून आले की आई जवळ घ्यायची आणि बाबा विचारायचे, "आधी कोण बोललं?" अस्सा राग यायचा!

आई रोज सकाळी खिडकीशी बसून बायबलातली शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं, वाचायची, पेन्सिलीने बारीक खुणा करायची. "एकदा वाचा हो," ती म्हणायची. "निवृत्त झालो की," बाबा म्हणायचे. निवृत्तीला सात महिने उरले असताना ती गेली, सकाळी साडेअकराला. त्या वेळी बाबा कुणाच्या तरी कुंपणाच्या भांडणातली साक्ष उतरवत होते. फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या खणात. भावाने नऊ वेळा लावला होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तिचं पुस्तक उघडलं खरं, पण वाचायचं सोडून तपासायलाच बसले. चार लेखक, चार रकाने. जेवणाचं टेबल महिनाभर अडलेलं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"बाबा, या चौघांचं एकमेकांशी जुळतं तरी कुठे? आणि लिहिलंय किती वर्षांनी!"

"चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलले, की समजायचं पढवून आणलेत. आणि वर्षांचं म्हणशील, तर वीस वर्षांनी साक्षीला आलेला माणूस शर्टाचा रंग विसरतो. मार विसरत नाही."

"आणि ज्याने डोळ्यांनी पाहिलंच नाही, त्याचं काय?"

"हा तिसरा स्वतःच सांगतो, पाहणाऱ्यांकडून आलेलं नीट तपासून लिहितोय म्हणून." त्यांचं बोट त्या पानावर बराच वेळ राहिलं. "माझ्यासारखाच. तिथे नव्हता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेलेली माणसं पुन्हा भेटतात, कारण येशू मरून पुन्हा उठला होता, असं आई मानायची. ते खरं निघालं तर बाबांना आई भेटणार होती. त्यांचा सगळा खटला एवढाच होता.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी आम्हा चौघांना टेबलाशी बसवलं. मी, भाऊ, शेजारच्या काकू आणि आईची नर्स. आई गेली त्या सकाळी तिच्याजवळ आम्हीच होतो. आई शेवटी काय बोलली, हे त्यांना हवं होतं.

नर्स म्हणाली, पाणी मागितलं. पण पेल्याकडे बघितलंच नाही, दाराकडे बघत होत्या, सगळं मानेवर सांडलं. काकू म्हणाल्या, "दार लोटू नका" म्हणाली. भाऊ म्हणाला, दाराकडे बघून विचारलं, "ते आले का?" मी शपथेवर सांगितलं असतं की ती काहीच बोलली नाही, नुसती दाराच्या बाजूला वळली. आमची चांगलीच जुंपली. काकू तर रडकुंडीला आल्या.

बाबांनी प्रत्येकाचं वेगळ्या कागदावर उतरवलं, मग सवयीप्रमाणे एकच पक्की प्रत केली आणि वाचून दाखवली. "सदर महिलेने पाणी मागितले, दार उघडे ठेवण्यास सांगितले व पतीच्या आगमनाबाबत विचारणा करून मौन धारण केले."

कुणाला हसूही येईना. भाऊ म्हणाला, "बाबा, ही आई नाही."

बाबांनी तो कागद पुन्हा वाचला. मग चार तुकडे करून बाजूला ठेवला आणि आमचे चार कच्चे कागद परत पुढ्यात घेतले. एकेका ओळीखालून बोट फिरवत गेले. शेवटी म्हणाले, "तुमचं एकाही शब्दावर एकमत नाही. पण दार चौघांकडे आहे. ती माझी वाट बघत होती."

बाकीचे गेल्यावर मी चहा ठेवला. न राहवून विचारलं, "आणि पुस्तकातले चौघे?"

"तेही तसेच. येशूच्या थडग्याशी बायका किती गेल्या, यावरसुद्धा वाद. पण थडगं रिकामं होतं, हे चौघांकडे आहे."

"म्हणजे खरं?"

"निकाल स्टेनो लिहीत नाही गं." त्यांनी तिसऱ्याचं एक पान उघडून माझ्याकडे सरकवलं. आपण कशासाठी आलो, ते येशू तिथे सांगतो: हरवलेल्यांना शोधायला. ओळीखाली आईची पेन्सिल होती आणि समासात तिच्या बारीक अक्षरात दोन शब्द. 'ह्यांना दाखवायचं.'

बाबांनी चष्मा काढला.

"खरं असू दे गं," ते म्हणाले. "मला तिला सांगायचंय, वाचलं म्हणून."