लेकीच्या जंगलात

माझी मुलगी वनरक्षक झाली तेव्हा आम्ही बल्लारपूरच्या आमच्या गल्लीत घरोघरी पेढे दिले. पंधरा दिवसांनी नेमणुकीचा कागद आला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भामरागडच्याही पुढे, अभयारण्याच्या आतल्या एका गावाजवळची चौकी. मोबाईलला रेंज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. "मंग तिथी हाय तरी काय?" असं मी विचारलं, तर ती हसून म्हणाली, "जंगल हाय ना, बाबा."

मी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस. जमिनीखाली पाळीचा सरदार होतो. पाळीच्या सुरुवातीला छत काठीने ठोकून पाहायचं, आवाज टणक आला तर माणसं आत सोडायची, पोकळ आला तर मागे घ्यायची, हे माझं काम. भीती मला नवी नव्हती. पण तिथे काठी माझ्या हातात होती. आता काठी पोरीच्या हातात होती, आणि मी खुर्चीत बसून होतो.

दोन-तीन दिवसांनी एकदा ती चौकीमागच्या टेकडीवर चढून फोन करायची. एप्रिल महिन्यात एकदा पाच दिवस फोन आला नाही. मी घरात येरझारा घालायचो, टीव्ही लावायचो, बंद करायचो. सहाव्या दिवशी बायकोनेच माझी पिशवी भरली.

"जा," ती म्हणाली. "इथी बसून माहा जीव खाण्यापरीस तिथी जाऊन बसा."

आलापल्लीपर्यंत एक एसटी, तिथून भामरागडची दुसरी. आलापल्ली सोडल्यावर सागाची उंच झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आली आणि मग तासन् तास तेच. भामरागडच्या स्टँडवरून तिच्या ऑफिसात निरोप ठेवला. दुपारी ती मोटरसायकलवर आली. खाकी कपडे, उन्हाने काळवंडलेला चेहरा, ठणठणीत.

"तुमी काऊन आले? सांगाचं ना आंधी."

"सांगाले फोन तर लागाले पायजे."

फोन पाण्याच्या टाकीत पडला होता, एवढंच झालं होतं. पाच दिवस मी काय काय मनात आणलं होतं ते मी तिला सांगितलं नाही.

चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, मागे हातपंप. ताडोब्यासारखं जिप्सी, गेट, पर्यटक असं इथे काही नाही. सगळ्यात जवळचं घर एका माडिया आदिवासी म्हातारीचं. ती एकटीच राहायची. तिला मराठी थोडी यायची, मला माडिया अजिबात नाही. मुलगी तिला बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणू लागलो. ती मला भाऊ म्हणायची, तेही जरा हसून, कारण मी पडवीत बसल्या बसल्या सारखा रस्त्याकडे बघत असे हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

मोहाचा हंगाम होता. फुलं जमिनीवर नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि तीच आग पुढे जंगलात पसरते. आग लावू नका म्हटलं म्हणून माझ्या मुलीने पहिल्या वर्षी गावात बोलणी खाल्ली होती. मग ती स्वतः खराटा घेऊन बाईच्या झाडाखाली झाडायला बसली. बाईने दोन दिवस नुसतं पाहिलं, तिसऱ्या दिवशी खराटा तिच्या हातातून काढून घेतला. तेव्हापासून बाईच्या टोल्यात, म्हणजे त्या वस्तीत, मोहाखाली आग लागत नाही, असं मला मुलीसोबतच्या वनमजुराने सांगितलं. मुलगी स्वतः हे कधी बोलली नव्हती.

संध्याकाळी ती मला चौकीच्या आसपास फिरवायची. मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. उकरलेलं वारूळ दाखवलं. एक लहानसा पक्षी दाखवून त्याचं नाव सांगितलं, आणि माझ्या पोरीला एवढं येतं याचं मला नवल वाटायला हवं होतं, पण मी तिच्या पायाखालचं गवत बघत होतो. तिचे बूट घोट्यापर्यंतच होते. साप चावला तर दवाखाना किती लांब, याचा मी हिशेब करत होतो.

"अस्वल अन् बाई एकाच झाडाचा मोहा खातेत," ती म्हणाली. "तो अंधारात येते, बाई उजाडल्यावर. कोनी कोनाच्या वाटेले जात नाई."

आमच्याबरोबर आलेल्या बाईने खूण करून मला समजावलं. आधी खोकायचं, मोठ्याने बोलायचं, मग पुढे जायचं. "त्याले मालूम पडलं पायजे," ती म्हणाली. "मंग तो जाते."

मी मान हलवली. ऐकलं, पण माझ्यासाठी ते आहे असं मला वाटलं नाही.

पाचव्या दिवशी मुलगी साडेपाचला वनमजुराबरोबर गस्तीला गेली. अकरापर्यंत येते म्हणाली होती. अकरा वाजले. मी भात लावला. बारा वाजले, एक वाजला. भात थंड झाला. मी हातपंपावर तीनदा जाऊन आलो. दोन वाजता बाईच्या अंगणात गेलो. ती फुलं उन्हात पसरत होती.

"अजून नाई आली," मी म्हणालो.

"येते," ती म्हणाली आणि पसरत राहिली.

तिचा तो शांतपणा मला सहन झाला नाही. मी परत आलो, पाण्याची बाटली आणि काठी घेतली, आणि मुलगी सकाळी ज्या पायवाटेने गेली होती तिने चालू लागलो. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाईने अडवलं असतं.

नाल्यापर्यंत वाट सरळ होती. पुढे तिला फाटे फुटले. बुटाचे ठसे दिसतात असं वाटून मी डावीकडे वळलो. मी अगदी गुपचूप चालत होतो. पाचोळा वाजू नये म्हणून पाय बघून टाकत होतो. इथे एकटा म्हातारा माणूस आहे हे कोणाला कळू नये, एवढंच डोक्यात होतं. तिला हाक मारायचीसुद्धा हिंमत झाली नाही. तिलाच शोधायला निघालो होतो, तरीही.

नाल्याच्या वळणावर बांबूची दाट सावली होती. तिथे काहीतरी काळं हललं. मला आधी वासरू वाटलं. मग त्या काळ्याने तोंड वर केलं. अस्वल होतं, मादी. तिच्या पाठीवर केसांना धरून बसलेलं एक पिल्लू. आमच्यात अंगणाएवढं अंतर असेल.

ती मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरट पट्टा मला दिसला. ती नाकाने जोरजोरात हवा ओढत होती, तो आवाज आजही माझ्या कानात आहे. मला पळायचं होतं. पण उजवा गुडघा दोन वर्षांपासून धरलेला, तो जागचा हलेना. मी उभाच राहिलो. काठी हातातून कधी पडली ते कळलं नाही. मनात पोरीचाही विचार आला नाही, कोणाचाच नाही. फक्त तो आवाज.

मग ती खाली आली, घशातून एक खरखरीत भुंकल्यासारखा आवाज काढला आणि बांबू मोडत पलीकडे गेली. बराच वेळ बांबू वाजत राहिले.

मी दगडावर बसलो. उठलो तर कुठून आलो ते कळेना. नाला दोन्हीकडून सारखाच दिसत होता. थोडं चाललो, परत त्याच बांबूपाशी आलो. हाक मारली तर घशातून नुसती हवा आली. पाणी संपलं. सूर्य झाडांच्या मागे सरकत होता आणि मला एकच वाटत होतं, की आता पोरीला माझ्यापायी रात्रभर या जंगलात फिरावं लागणार.

आधी बाईची लांबलचक आरोळी ऐकू आली. मग शिट्टी. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागलो, आवाज निघत नव्हता म्हणून. वाजवतच राहिलो, ते सगळे समोर येऊन उभे राहिले तरी.

पुढे मुलगी, मागे बाई आणि वनमजूर. मुलीने मला खालून वर पाहिलं, रक्त कुठे नाही याची खात्री केली, आणि मग ओरडली, "तुमी मले शोधाले निंगाले का मी तुमाले?"

ती माझ्याशेजारी दगडावर बसली. तिने टोपी काढून मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"पानवठ्यावरचा पंप बंद पडला होता," ती म्हणाली. "सौर पंप. वायर तुटली होती. चितळं येऊन कोरड्यात उभी होती, बाबा. टाकून येववलं नाई. अडीचले दुसऱ्या वाटेनं घरी आली, तं तुमी नाई."

एवढंच झालं होतं. मी निघाल्यानंतर थोड्याच वेळात ती चौकीवर पोचली होती.

बाईने माझी पडलेली काठी शोधून आणली. अस्वलाबद्दल मी खुणा करून सांगितलं, पिल्लूही सांगितलं. तिने बांबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "खोकला?"

"नाई," मी म्हणालो.

परत येताना बाई सगळी वाट मोठमोठ्याने बोलत होती. काय ते मला कळलं नाही, वनमजूर मात्र हसत होता.

त्या संध्याकाळी पडवीत मी मुलीला विचारलं, "तुले भेव नाई लागत?"

"लागते ना. रोज लागते." ती बुटाची नाडी सोडत होती. "पन तुमाले सांगतलं असतं तं तुमी इथीच येऊन राहिले असते."

उरलेले तीन दिवस मी सकाळी बाईबरोबर मोहा वेचायला गेलो. मोठ्याने काय बोलावं सुचेना, म्हणून खाणीतल्या गोष्टी सांगत गेलो. एकदा पाणी कसं घुसलं, कोणता सोबती डब्यात रोज काय आणायचा. बाईला फारसं कळत नसेल, पण मी थांबलो की ती हाताने पुढे बोल अशी खूण करायची. मुलगी गस्तीला गेली की मी रस्त्याकडे बघायचो ते बघतच राहिलो. ते सुटलं असं मी म्हणणार नाही.

घरी आल्यावर एक दिवस बायको विहारातून वंदना करून आली तेव्हा मी तिला विचारलं, "मी खानीत राहो तवा तू दिवसभर काय करो?"

"पाळी सुटल्याचा भोंगा वाजला का कुकर लावो."

"अन् भोंगा वाजाच्या आंधी?"

"काईच नाई. काई करताच नाई ये." आणि ती साडी बदलायला आत गेली. इतक्या वर्षांत मी हे तिला कधी विचारलं नव्हतं.

जुलैमध्ये भामरागडचा रस्ता पुराने बंद झाला. बातम्यांत पुलावरून वाहणारं पाणी दाखवत होते. अकरा दिवस फोन नाही. पिशवी भरायचं माझ्या मनात रोज आलं, पण जायला रस्ताच नव्हता, आणि रस्ता असता तरी मी गेलो नसतो असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. आम्ही दोघं सकाळचा चहा एकत्र पीत होतो, पूर्वी आम्ही तसा पीत नव्हतो.

बाराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागे पावसाचा आवाज होता.

"बाबा, बरी हावो. बाईनं वास्ते केले होते, लय खाल्ले."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मी पुढे काही विचारणार तोच फोन तुटला. मी बायकोला सांगितलं, बरी आहे, वास्ते खाल्ले म्हणाली.

"कसे केले होते?" तिने विचारलं. "सुके का रस्स्याचे?"

ते विचारायचं राहून गेलं होतं.