मामाजींच्या जबड्यातली रोवणी

लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो. बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवताना मी इतरांच्या निबंधांवर लाल शाईच्या खुणा केल्या; स्वतःचा एक परिच्छेदही कधी कोणाला दाखवला नाही. तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर हे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. शिवाय या प्रसंगातले माझे कर्तृत्व एवढेच, की शुद्ध मराठीच्या आग्रहापायी मी एका धडधाकट माणसाला लकवा झाल्याची बातमी दोन तालुक्यांत पसरवली.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणतो. सानगडीजवळ त्यांची धानाची शेती आहे, वय अठ्ठ्याहत्तर. खालच्या उजव्या बाजूची एक दाढ गेलेली, डावीकडच्याही कुरकुरू लागलेल्या. त्यामुळे त्यांचे जेवण मऊ वरण-भातावर येऊन थांबले होते. कवळीचे नाव काढताच ते म्हणाले होते, "रात्री गिलासात झोपनारा दात मले नाई पायजे." तेव्हा जबड्याच्या हाडातच कायमचा बसणारा दात असतो, हे मी त्यांना सांगितले आणि चांगला होईल अशी हमीही दिली. (हमी देताना मी सहसा समोरच्याकडे पाहत नाही.)

"तुमच्या शब्दावर येतो, मास्तर," मामाजी म्हणाले. "पन एकच डाव. हाललं तं थ्या खुर्चीत मी पुन्हा नाई बसनार."

मळणी आटोपल्यावर ते शहापूरला आमच्याकडे आले आणि जवळच्याच भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात काम झाले. डॉक्टरीणबाईंनी मला सर्व काही सविस्तर समजावले. त्यातला निम्मा भाग इंग्रजीत होता आणि मी संपूर्ण भागाला मान डोलावली.

परतताना मामाजींनी विचारले, "काय केलं जी तिनं?"

हाडात स्क्रू बसवला, एवढे सांगून भागले असते. पण बत्तीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "मामाजी, याला दंतरोपण म्हणतात."

"रोपन? म्हंजे रोवणा?"

"हो, तसे म्हणता येईल." (धानाची रोपे चिखलात लावण्याला आमच्याकडे रोवणा किंवा रोवणी म्हणतात; व्याकरणदृष्ट्या उत्तर निर्दोष होते.)

घर येईपर्यंत ते खिडकीबाहेरच्या रिकाम्या बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या वाफ्यांकडे, विचारपूर्वक पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी अंगणात बाजेवर बसले होते, दोन्ही गाल फुगवून. माझी पत्नी सुमन चहा घेऊन गेली तर त्यांनी हातानेच नको म्हटले. थोड्या वेळाने मोरीवर जाऊन तोंडातले पाणी टाकले, गडव्याने नवे भरले आणि पुन्हा येऊन बसले. अशा दोन भरण्यांच्या मधल्या सवडीत त्यांनी मुलीला खुलासा केला, "रोवणा झाला का बांधीत पानी उभं ठेवा लागते. तुह्या मास्तरले येवढं बी ठावूक नाई."

टाके ताजे असताना खळखळून चुळा भरू नका, एवढे तरी मला दवाखान्यात मराठीतून कळले होते. एकच डाव होता आणि मामाजी तो पाण्यात बुडवत होते. पण त्यांना समोरासमोर सांगणार कोण? सबंध वैवाहिक आयुष्यात मी त्यांना एकदाच विरोध केला आहे. तोही फोनवर, आणि त्यांनी फोन ठेवल्यानंतर. म्हणून मी सुवाच्य अक्षरात एक सूचनापत्र लिहिले:

'रोपणस्थळी जलसंचय करू नये. रोपणावर भार पडू देऊ नये. हालचाल कटाक्षाने टाळावी.'

मामाजींचा चष्मा सानगडीला राहिला होता, म्हणून सुमनने ते वाचून दाखवले. मामाजींनी तत्काळ पाणी थुंकले. मी कृतार्थ झालो आणि वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात निघून गेलो.

मामाजी मात्र बाजेवर उताणे झाले आणि त्यांनी हलणे बंद केले.

"बाबा, कुशीवर तरी व्हा नं," सुमन म्हणाली.

"हालाचं नाई," मामाजी केवळ ओठांनी म्हणाले. "मास्तरनं लिवून देल्लं हाय."

सुमन त्यांना चमच्याने पातळ भात भरवत असताना शेजारच्या काकू आल्या. सुजलेला गाल, ताठ पडलेले शरीर आणि चमचा पाहून त्यांनी दारातच आवाज खाली आणला.

"कवा झालं, सुमन?"

"काल, काकू."

"कोन्ती बाजू?"

"उजवी."

"बोलता येते?"

"येते थोडंथोडं."

"बरं होईन नं गा?"

"डाक्टरीण म्हनते, चार महिने लागतीन."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. वडिलांच्या एका दाढेसाठी शेजारीण रडते, याचे सुमनला फार कौतुक वाटले.

काकूंचे माहेर साकोलीकडचे, म्हणजे मामाजींच्या सानगडीच्याच बाजूचे; बातमी त्याच दिवशी फोनवरून तिकडे पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक काळीपिवळी जीप थांबली आणि तिच्यातून अकरा माणसे उतरली. पुढे मामाजींचे धाकटे भाऊ, काकाजी. त्यांच्या हातात लकव्यावर मालिश करण्याचे तेल. कोणी काही सांगण्याआधीच त्यांनी मामाजींचे धोतर वर करून उजवा पाय चोळायला घेतला. मामाजींनी भावाकडे अत्यंत रागाने पाहिले, पण लेखी आदेशामुळे ते हलले नाहीत. मांडी झाली, पोटरी झाली. तेलाचा हात तळव्याला लागला तशी मात्र मामाजींना गुदगुली सहन होईना. ते खदखदून हसत उठून बसले.

"तेल लागू पडलं," काकाजी सर्वांना म्हणाले.

खरी हकीकत सांगायला मला बराच वेळ लागला, कारण मला कोणी बोलू देत नव्हते आणि मीही फारसा आग्रह धरत नव्हतो. शेवटी काकाजी म्हणाले, "दाखव बरं तुहा रोवणा." मामाजींनी तोंड उघडले. काकाजींनी वाकून पाहिले.

"अठी तं दातच नाई. जागा खाली हाय. जावाईबापू, तुमाले ठगवलं."

आणि रोपाने मूळ धरले की नाही हे जसे बांधीत पाहतात, तसे चिमटीत धरून ओढून पाहण्यासाठी त्यांनी तेलकट अंगठा आणि बोट मामाजींच्या तोंडात घातले.

"हात काढा!"

हा आवाज माझा होता, हे मला सर्वांत शेवटी कळले. काकाजींनी हात काढला. अकराच्या अकरा माणसे उभी राहिली.

त्याच काळीपिवळीने आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई पवनीच्या शेतकरी घरातल्या. टाके शाबूत आहेत असे पाहून त्यांनी या वेळी माझ्याऐवजी मामाजींनाच सांगितले, "आजोबा, स्क्रू आत हाडात हाय, वरून हिरडीनं झाकला. आज तो नुसता आवळून बसला हाय. आता हाड वाढत वाढत त्याच्या खरखरीत अंगाले धरून घेईन. मंग वरून दात. तोवर बोला, फिरा. फक्त त्या बाजूनं चावू नका."

मामाजींनी थोडा विचार केला. "मधात पिवळं पडते का?"

"म्हणजे?"

"रोवणा झाला का रोप आंदी पिवळं पडते, मंग हिरवं होते. थ्या दिसांत कोनी हात लावला तं गेलं."

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "अगदी तसंच, आजोबा. सुरुवातीची पकड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थोडी सैल होते. स्क्रूजवळचं जुनं हाड हटत असते अन् नवं भरत असते. तेव्हाच जास्त जपा लागते."

"मंग येवढंच सांगाचं होतं नं," मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले. "थे जलसंचय कायले लिवलं?"

पुढचे चार महिने त्यांनी ती जागा जशी जपली, तशी मी एखादी उत्तरपत्रिकाही जपली नसेल. तपासणीच्या दिवशी बाईंनी हिरडी थोडी उघडून यंत्र लावून पाहिले, स्क्रूवर हलकेच ठोकले आणि म्हणाल्या, "पक्का बसला." मामाजी खुर्चीतून उतरले. मग मला म्हणाले, "मास्तर, तुमचा शब्द राहिला." वरचा दात बसल्यावर काही दिवसांनी त्यांनी आमच्या अंगणात बसून मूठभर फुटाणे त्याच बाजूने सावकाश खाल्ले. तो आवाज ऐकायला सुमन आणि मी दोघेही स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो.

या वर्षी माझीच एक दाढ गेली. मी त्याच खुर्चीत बसलो. मामाजी मुद्दाम सानगडीहून आले आणि मला एका ओळीची सूचना देऊन गेले: "हात लावाचा नाई." मी हात लावलेला नाही. आज तिसरा आठवडा चालू आहे. परंतु जिभेविषयी ते काहीच बोलले नाहीत, आणि त्यांना फोन करून विचारण्याचे धैर्य माझ्यात नाही. म्हणून आपल्यालाच विचारतो: जिभेने अगदी हलकेच, दिवसातून पंधरा-वीस वेळा चाचपून पाहिले, तर चालते का?