शेवंताबाईंनी ऐकलेली गिटार

मंडळी, आज सकाळी औंढ्यातल्या माझ्या दुकानात तांड्यावरच्या शेवंताबाई बिघडलेला टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. दुरुस्त झाल्यावर आवाज तपासायला मी साठच्या दशकातल्या एका इंग्रज ब्लूज-रॉक अल्बमची कॅसेट लावली.

गिटारचा लांब तुकडा सुरू झाला, तशा त्या खाली बसल्या.

"हा काहून रडून राहिला?"

"रडत न्हाई अक्का, गिटार वाजतीय."

"न्हाई भाऊ. परवा लेक सासरी गेली, तवा आमी बराबर असंच रडलो."

कॅसेटची बाजू संपेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग डोळे पुसून आपला टेपरेकॉर्डर घेऊन गेल्या.

याच अल्बमबद्दल गेल्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं, 'नुसती बोटांची कसरत, जीव नाही.' ते मत मागे घेतो. तुम्हाला तो ऐकताना कोण आठवतं?