दोरीपलीकडची कीर्ती

आता सांगताना हसू येतं, पण कीर्ती आमच्या दांडी गावात सरकारी दवाखान्याची आशाताई म्हणून फिरायला लागली तेव्हा मला वाटलं, ही बाई नक्की चुगलखोर हाय. वाणगावची पोर, भाजीच्या मळ्यात वाढलेली, लग्न करून आमच्या मच्छीमार वाडीत आलेली. खांद्याला पिशवी अडकवून दारोदार फिरायची आणि विचारायची काय, तर पाळी आली का, बाळ दूध पितं का, सासूबाईंचं पोट साफ होतं का. मी गल्लीभर सांगत सुटले, हिच्या कानात पडलं ते बोईसर स्टेशनपर्यंत गेलंच म्हणून समजा.

मी स्वतः बोलकी. बाजारात पाटी मांडून बसले की गिऱ्हाईकाचीही थट्टा आणि शेजारणीचीही. पण एक गोष्ट मी दोन वर्षं कुणाला कळू दिली नाय. माझं अंग बाहेर येत होतं. चार बाळंतपणं, त्यात डोक्यावर मासळीचं ओझं. उभी राहिले की खाली काहीतरी उतरायचं, आडवी झाले की आत जायचं. जुन्या लुगड्याची घडी लावून फिरायची मी. लघवी गळायची. मासळीवाल्या बाईला वासाची लाज वाटावी, ऐकलंय कधी? पण मी रिक्षात कडेला बसायला लागले. हळदीला नाचायचं सोडलं, गुडघ्यांवर ढकललं. आणि आमच्या दामूशी, म्हणजे नवऱ्याशी, रोज काहीतरी उकरून भांडायची, म्हणजे तो रागानं ओट्यावर निजायला जाईल. बिचारा जायचासुद्धा.

कीर्ती घरी आली की मी तिला दारातूनच परतवायची. मग ती बोंबील वाळत घालायच्या वेळी यायला लागली. आमी ओले बोंबील दोरीवर घालतो, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. तिला कुठलं जमायला, निम्मे वाळूत पडायचे. मी खिदळायची, ती खुशाल खिदळू द्यायची. मी दोरीच्या अलीकडे, ती पलीकडे, मधे बोंबलांचा पडदा. दोघींचे हात चालू, बोलणं चालू, पण एकीचा चेहरा दुसरीला दिसत नाय.

एक दिवस पलीकडून आवाज आला, "काकी, पाटी उतरवताना तुमी मांड्या आवळून उभ्या राहता. खाली काय उतरतं का?"

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला. म्हटलं, तुला काय करायचंय. ती म्हणाली, करायचं काय नाय, वाडीत तुमी एकट्या नाय एवढंच सांगते. झालं, मी आपलं दुखणं विसरले. कोण गं? जमुना का? कोपऱ्यावरची? एकेक नाव घेतलं, लाडीगोडी केली, सुके बोंबील देऊ केले, शेवटी चिडले. तिच्या तोंडून एक नाव सुटलं नाय. म्हणते कशी, वारा सुटलाय, दोरी ताणून घ्या.

तेव्हा मला लाज वाटली, आणि ती अंगाची नव्हती. जिला मी चुगलखोर म्हणत वाडीभर फिरले, ती गप्प होती आणि मीच दुसऱ्या बायकांची लाज उघडी करायला बसले होते. पण मनात हेही आलं, जी त्यांचं सांगत नाय ती माझं तरी कशाला सांगेल? बोंबलांकडे बघत मी सगळं ओकले. दामूचं ओट्यावर निजणंसुद्धा.

तिनं भाषण नाय दिलं. पालघरच्या दवाखान्यात बाई डॉक्टर कुठल्या वारी बसते ते तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. घरी काय सांगू म्हटल्यावर म्हणाली, खरं ते सांगा, नाय जमलं तर मी सांगीन, पण तुमच्यासमोर.

मीच सांगितलं. दामू कितीतरी वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दवाखान्यात टेबलावर पाय वर घेऊन पडायचं, काय सांगू. कीर्ती माझ्या उशाशी, डॉक्टरकडे पाठ करून उभी. डॉक्टरबाईंनी जरा रागानंच विचारलं, इतके दिवस काय करत होतात?

"मासळी विकत होत्या, मॅडम," कीर्ती म्हणाली.

मला हसू फुटलं आणि हसताना टेबल ओलं झालं. वाटलं, आता उठून पळावं. कीर्तीनं पिशवीतून फडकं काढलं, माझ्याकडे न बघता माझ्या हातात सारलं, आणि डॉक्टरबाईंना पुढचं विचारत राहिली. डॉक्टरबाईंनी उतरणारं अंग वर धरायला आतून एक रिंग बसवून दिली. व्यायाम सांगितला, पुन्हा दाखवायला बोलावलं, आणि जड उचलायचं नाय अशी ताकीद दिली. दामू ओट्यावरून आत आला.

परवा नळावर तांब्या-बादली घेऊन गेले, बादली भरून उचलायला वाकले तर कीर्ती हजर. म्हणाली, अर्धीच न्यायची. मी थोडं पाणी सांडलं, म्हटलं, झाली अर्धी. ती म्हणाली, ही पाऊण हाय. मी म्हटलं, तुझ्या वाणगावात पाऊण असेल, दांडीत हिला अर्धी म्हणतात. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून पाणी भरतेय मी. ती वाद घालत बसली नाय. नळ पुन्हा सोडला, बादली काठोकाठ भरली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "काका, काकींची बादली न्या."

दामू आला आणि बादली घेऊन गेला. माझ्या हातात तिनं रिकामा तांब्या दिला.