पडदा ओढलास का?

इंद्रलोक सोसायटीतल्या सुगंधाताई दुधात आधी बोट बुडवून बघायच्या, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे. देव सोडला तर त्यांनी कुणावर चटकन विश्वास टाकल्याचं कुणाला आठवत नाही. नैवेद्य दाखवला की देव्हाऱ्याचा पडदा ओढून घ्यायच्या. "खाताना कुणी बघू नये. देव झाला म्हणून काय झालं?"

अशा घरात मिनल सून म्हणून आली. वकिलांच्या एका ऑफिसचा सर्व्हर ती घरात बसून सांभाळायची. नोकरी नवी, अजून पक्की व्हायची होती. लॅपटॉपवर एक काळी खिडकी, त्यात पांढरी अक्षरं, आणि कानाला फोन. एकदा ताईंच्या कानावर पडलं, "सर, सर्व्हरला कुणी हात लावू नका. त्याची स्क्रीन आता मला दिसतेय."

ताई वात वळता वळता थांबल्या. शेजारच्या जागृतीबेनना अशीच स्क्रीन दाखवायला लावून कुणीतरी लुबाडलं होतं.

"मिनल, कुणाच्या घरात डोकावतेयस गं?"

"आई, काम आहे ते. तिथला सर्व्हर म्हणजे कपाटात ठेवलेला नुसता डबा, त्याच्यासमोर कुणी बसत नाही. म्हणून इथून हुकूम लिहायचा, 'स्क्रीन दाखव', की ती इथे दिसते. ऑफिसनेच सांगितलंय."

"चोर काय वेगळं सांगतो? हे बघ, या घरात कुणाच्या शिव्याशापांचा पैसा नको. मला खात्री पटली नाही तर स्वप्नीलला सांगून हे बंद करायला लावीन."

मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ताई जपमाळ घेऊन लॅपटॉपशेजारीच बसू लागल्या. तोंडाने नाम, डोळे स्क्रीनवर.

रविवारी ऑफिस बंद होतं. सर्व्हरची स्क्रीन उघडी ठेवून मिनल कणीक मळायला गेली. ताईंची माळ एकदम थांबली.

"मिनल! हात कुठायत तुझे?"

"कणकेत!"

"मग हा बाण कोण हलवतंय?"

मिनल धावत आली. माउसचा बाण आपोआप फिरत होता. अशिलांच्या फायली एकेक करून उघडत होत्या. तिने कणकेच्या बोटांनीच काळ्या खिडकीत 'स्क्रीन बंद' असा हुकूम लिहिला. चित्र थिजलं आणि गेलं. मग तिने सर्व्हरच्या नोंदी चाळल्या.

"आई, घाईत माझीच चूक झाली. ही स्क्रीन वापरायची परवानगी फक्त मला द्यायची, ती सगळ्यांना दिली. नोकरी सोडून गेलेल्या एकाचं खातं तसंच राहिलं होतं. तो शिरला वाटतं."

"बघ! चोर होताच. मी फक्त माणूस ओळखायला चुकले."

मिनलने साहेबांना फोन लावून सगळं खरं सांगितलं. ताई फोनला कान लावून उभ्या. साहेब बराच वेळ तापले, मग म्हणाले, "सुटीच्या दिवशी लक्षात कसं आलं तुमच्या?"

"आमच्या सासूबाई पहाऱ्याला होत्या, सर."

नोकरी राहिली, पक्की व्हायची मात्र लांबली. स्वप्नीलपर्यंत तक्रार गेली नाही. आता रोज काम आटपलं की स्वयंपाकघरातून हाक येते, "पडदा ओढलास का गं?"

"ओढला, आई." मिनल सर्व्हरची स्क्रीन बंद करते.

"बरं," म्हणत ताई बाहेर येतात, चष्मा लावतात आणि बाण हलतोय का ते स्वतः बघतात.