एक सूत कमी

मी आयुष्यात एकदाच सुतारकाम केलं. तेही वडिलांनी सहा महिने खपून केलेल्या वस्तूवर, त्यांना न विचारता.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. (तिला सांगणं म्हणजे थेट आण्णांना सांगणं. आमच्याकडे सासऱ्या-सुनेचं फार जमतं.) पण आता पन्नाशी आली, रक्तदाब आला, आणि डॉक्टर म्हणाले, मनात काही ठेवू नका. नाही ठेवत!

आमचे आण्णा पॅटर्नमेकर. कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुरतं, बाकीच्यांसाठी खुलासा करतो. फौंड्रीत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. वस्तू गावोगाव जाते, पॅटर्न माळ्यावर धूळ खात पडतो. आण्णांची कारागिरी तोवर वाळूशिवाय कुणी नीट पाहिली नव्हती.

आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शहरात कारागिरांचा महोत्सव ठरला. चपलावाले, साजवाले, कुंभार, बुरूड सगळे येणार होते, आणि एक गाळा पॅटर्नमेकरला, म्हणजे आण्णांना मिळाला!

 दुसऱ्याच दिवसापासून रोज सकाळी अंगणातल्या शेडमधून रंध्याचा आवाज यायला लागला. सहा महिने. जुनं सागवान आणि पाण्याच्या पंपाची बॉडी. दोन फूट लांब, गोगलगाईसारखी वळत गेलेली. आई म्हणायची, "लग्नात माज्याकडं एवढं बघितलं न्हाय ह्यांनी."

मला एकच काम दिलं होतं. पॅटर्नवर वरून ठेवायची काचेची पेटी करून आणायची. बी. कॉम.ला दुसऱ्यांदा बसलेल्या पोराला झेपेल, असं ते काम होतं. "तेवढं तरी कर," आण्णा म्हणाले. त्यांनी मला कधी मारलं नाही. ते फक्त हातातलं हत्यार खाली ठेवून माझ्याकडे बघायचे. हत्यार हातात असतं तर निदान पळालो तरी असतो!

मी शेडमधली पट्टी घेतली, माप काढलं, एक सूत (इंचाचा आठवा भाग) सैल धरलं आणि काचवाल्याला कागद दिला. पेटी थेट गाळ्यावरच आली. उद्घाटनाच्या सकाळी आण्णा आईला आणायला घरी गेले. गाळ्यावर मी आणि आईचा भाऊ दगडूमामा. मामा फौंड्रीत वाळूचे साचे भरायचा.

आम्ही दोघांनी पेटी उचलली, पॅटर्नवर धरली, खाली सोडली. पेटी कडेवर टेकली आणि थांबली.

"दाब की," मामा म्हणाला.

"काच हाय मामा!"

"मग फिरवून बघ."

फिरवून बघितली. नाही. तिरकी करून बघितली. नाही. मामानं पॅटर्नला साबण लावू या का विचारलं. (सागवानाला! साबण!) मग तो एकदम माझ्याकडं वळला. 

"माप कुठल्या पट्टीनं घेतलंस रं?"

"शेडमधल्या."

"आरं पन शेडमदी दोन हायत! खिळ्याला अडकवलेली घेतलीस का काय?"

"व्हय."

मामा खालीच बसला. "मेलास, भाच्या. ती आकसायची पट्टी हाय!"

तेव्हा मला कळलं, जे पॅटर्नमेकरच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असावं. बीड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा. आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीच मोठी केलेली असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सुतानं लांब. दोन फुटांना दोन सूत. मी सैल सोडलेलं एक वजा केलं तरी पेटी एक सुतानं लहान!

"काचवाल्याला बोलवू या?"

"एवढ्यात नवी पेटी? दाजी अर्ध्या तासात येत्यात."

 आणि मग मी ते बोललो. "मामा, पेटी वाढत न्हाय. पॅटर्न तर कमी हुतोय की."

मामानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवळातली मूर्ती किसायला मागतोय. पण दाजींना तोही भीत होता. शेजारच्या गाळ्यात गडमुडशिंगीचे एक सुतार लाकडी खेळणी मांडत होते. मामा तिकडं वळला.

"पावणं, बारका रंधा द्या की जरा. आन् पॉलिश."

"कशाला वो?"

"पाठ खाजवायला! द्या की!"

मी रंधा धरला. पहिला पापुद्रा निघाला, कांद्याच्या सालीएवढा. मला वाटलं, आण्णांच्या अंगाचीच साल निघाली. मामा रस्त्याकडं तोंड करून उभा. "आटप... आटप... फेटा दिसतोय... न्हाय, दुसराच हाय... आटप!" सूतभर कड उतरली, पॉलिश पेपर फिरवला, पॉलिशचा हात दिला. पेटी सुळ्ळकन बसली. आणि मागून आवाज आला, "बसली का?"

आण्णा. डोक्याला फेटा, शेजारी आई.

"ब... बसली."

त्यांनी काचेतून बराच वेळ बघितलं. मला पॉलिशचा वास येत होता, मामाला येत होता, पलीकडच्या चपलावाल्यालाही येत असावा. मग आण्णा म्हणाले, "पेटी काढून ठेव."

"आँ?"

"लोकं आली की काढायची. लाकूड हातानं बघायचं असतंय. बोटं फिरवू देत की."

बोटं! ज्यांच्या अंगठ्याला कागदाची जाडी कळते, ते आता सगळ्यांच्या आधी स्वतःचं बोट फिरवून दाखवणार! माझ्या तोंडून निघून गेलं, "आण्णा, हात लावायला बंदी हाय. नियम हाय त्यांचा."

"कुणाचा?"

"महोत्सववाल्यांचा."

आण्णा नियमाला फार मानायचे. तीन दिवस ते गाळ्यात उभे होते. फौंड्रीतले जुने लोक यायचे, काचेला नाक लावायचे, हात पुढं करायचे, आणि आण्णा ओशाळून म्हणायचे, "हात लावायचा न्हाय म्हणं." तीन दिवस मी नीट जेवलो नाही.

घरी आणल्यावर त्यांनी आधी पेटी उचलली. अंगठा कडेवरून फिरला आणि थांबला. त्यांनी पट्टी काढली. खिळ्याला अडकवलेली, बरोबर तीच. एकदा मापलं. दोनदा मापलं.

"एक सूत कमी हाय."

मी तोंड उघडलं. शपथ, उघडलं होतं! पण आण्णाच बोलले, "सहा महिनं बघतोय मी हे. मला दिसलं न्हाय. डोळं गेलं माझं."

आणि मी तोंड मिटलं. (आयुष्यातलं माझं एकमेव सुतारकाम इतकं सफाईदार झालं होतं, की आण्णांना ते स्वतःचंच वाटलं!)

मग मी त्यांना स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नंबर नाही. "सूतभर दिसंना झालंय आन् हा नंबर न्हाय म्हणतोय," म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे. तोही तेच म्हणाला. वर्षभर आण्णांनी मोठं काम घेतलं नाही, प्रत्येक माप चार-चारदा घ्यायचे, कधी कधी मलाच विचारायचे, "बघ रं, बरोबर हाय का?" मला! तिसऱ्या डॉक्टरनं कंटाळून साध्या काचेचा चष्मा दिला, आणि आण्णा म्हणाले, "आता दिसाय लागलं." तो चष्मा अजून नाकावर आहे. रोज सकाळी ते तो पुसतात, आणि मी दुसरीकडं बघतो.

हे छापून आलं की अंक घरी येणार, आणि आण्णा वाचल्याशिवाय राहणार नाहीत. अंक यायच्या दिवशी त्यांचा चष्मा लपवून ठेवायचा, असा मी पक्का बेत केला होता. काल लक्षात आलं, त्यांना त्याच्याशिवाय उत्तम दिसतं!